एका सिस्टरमागे किती खाटा?

पुणे हे नर्सिंग शिकवणारं शहर आहे. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची बकुळ तांबट नर्सिंग संस्था, रुबी हॉलची तेहमी ग्रांट संस्था, साधू वासवानी, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचं नर्सिंग कॉलेज अशी नावं सहज आठवतात. एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो, आणि त्या प्रबंधांत दोन विषय पुन्हा पुन्हा भेटतात. परिचारिका आपल्या कामावर समाधानी आहेत का, हा पहिला. हात धुणं, सुया टाकणं, कचरा वेगळा करणं, कॅथेटर सांभाळणं हे संसर्ग रोखण्याचे नियम त्यांना ठाऊक आहेत का आणि त्या ते पाळतात का, हा दुसरा. दोन्हींवर जगभर भरपूर काम झालं आहे. आपल्याकडे मात्र ही दोन कामं एकाच कपाटात शेजारी राहूनही सहसा एकमेकींची विचारपूस करत नाहीत. माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. वॉर्डातल्या संसर्गाचा माग जंतूंपासून काढायला लागलं, तरी तो शेवटी ड्युटीच्या तक्त्यापाशी जाऊन पोचतो.

आधी एक साधं गणित मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लागल्यावर. अल्कोहोलचं द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुवायचे तर ४० ते ६०. आता तीस खाटांचा वॉर्ड, एक सिस्टर आणि आठ तासांची पाळी धरू. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, कुठल्या एका रुग्णालयाचे नाहीत. प्रत्येक रुग्णापाशी ती सहा वेळा गेली, म्हणजे ताप-बीपी, इंजेक्शन, गोळ्या, सलाइनची बाटली बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं आणि एकदा नातेवाइकांनी हाक मारली म्हणून. झाल्या १८० फेऱ्या. पाचही वेळा बाजूला ठेवल्या आणि फेरीमागे एकदाच पंचवीस सेकंद हात चोळले असं धरलं, तरी सव्वा तास गेला. त्याच सिस्टरकडे सहा रुग्ण दिले तर हेच काम पंधरा मिनिटांत होतं. ज्ञान तेच, हात तेच, मनही तेच. खाटा बदलल्या की तपासणीच्या कागदावर तिचं नाव ‘निष्काळजी’ रकान्यातून ‘काटेकोर’ रकान्यात जातं.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं की अध्यापन रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. हे प्रमाण तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, बाळंतपणाच्या रजा आणि वर्षानुवर्षं न भरलेली पदं यांतून गाळत गाळत रात्रीच्या वॉर्डात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे सरकारी रुग्णालयात एक रात्र काढलेल्या कोणत्याही नातेवाइकाला सांगावं लागत नाही.

आता हे केवळ माझं गणित राहू नये म्हणून संशोधनाकडे वळतो. २००२मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजारांहून अधिक परिचारिकांची उत्तरं त्यात होती. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच एका रुग्णाने परिचारिकेच्या मानसिक दमणुकीची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढवली होती. रुग्णाचा जीव आणि सिस्टरचं समाधान एकाच आकड्याला बांधलेलं आहे, हे त्या अभ्यासाने दाखवून दिलं.

त्याच राज्यातला दुसरा अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. २०१२मध्ये जिनी सिमिओटी आणि एकन यांच्या गटाने १६१ रुग्णालयांतल्या सात हजारांवर परिचारिकांची माहिती रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाच्या आकड्यांशी ताडून पाहिली. परिचारिकेमागे रुग्ण वाढले की मूत्रमार्गाचे संसर्ग वाढत होते. पण दमणुकीचं माप हिशेबात घेतल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. रुग्णसंख्येचा परिणाम बराचसा दमणुकीच्या वाटेने होत होता. दमलेल्या परिचारिकांचं प्रमाण तीस टक्क्यांनी उतरलं तर त्या राज्यात वर्षाला सहा हजारांवर संसर्ग टळतील, असा त्यांचा अंदाज होता. पुण्यातल्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या संशोधनाच्या तासाला हा लेख वाचून घ्यावा असं मला फार वाटतं, कारण आपल्या कपाटातले दोन विषय त्याने एका तक्त्यात आणले.

हातांबद्दलचं सर्वांत प्रामाणिक काम जिनिव्हातलं. डिडिएर पिटे यांच्या गटाने १९९९मध्ये लिहिलं की त्यांच्या विद्यापीठ रुग्णालयात हात स्वच्छ करण्याची संधी आली तेव्हा सरासरी ४८ टक्के वेळाच ते काम झालं. काम जितकं घाईचं, तितकं पालन कमी. डॉक्टरांचं पालन परिचारिकांपेक्षाही कमी होतं. हे दुसरं निरीक्षण महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत नमुना म्हणून बहुधा परिचारिकाच घेतल्या जातात. त्या हाताशी असतात, इन्चार्ज सिस्टरची परवानगी मिळते, प्रश्नावली भरून देतात. डॉक्टरांना कोण विचारणार? मग संसर्गाचा प्रश्न आपोआप परिचारिकांचा प्रश्न होऊन बसतो. जिनिव्हात पुढे खाटेपाशीच द्रावणाची बाटली ठेवली गेली आणि पालन ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयातला संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरला. बेसिनपर्यंत चालत जाण्याचा वेळ वाचला, हे त्या यशाचं मोठं कारण होतं.

भारतातलं चित्र काय? सात शहरांतल्या अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास २००७मध्ये आला. मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णांत दर हजार नळी-दिवसांमागे ७.९२ रक्तसंसर्ग आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दर हजार दिवसांमागे १०.४६ न्यूमोनिया त्यात नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सांगितलं की श्रीमंत देशांत दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सात जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग होतो. आजारी माणसाला आपण बरं व्हायला म्हणून नेतो, आणि त्यातल्या काहींना आपण तिथेच नवा आजार देतो. मला हे वाक्य लिहितानाही वाईट वाटतं.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. रोगी आणता आणता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. परिचर्या करणाराच संसर्गाला सर्वांत आधी सापडतो, हे या शहराने तेव्हाच पाहिलं. प्लेग पिसवांमधून पसरतो हे तेव्हा कुणी मान्य केलेलं नव्हतं, त्यामुळे घरं उपसण्यावर आणि माणसं अलग काढण्यावर सगळा भर होता. नर्सिंगच्या वर्गात सावित्रीबाईंचं नाव शिक्षणाच्या संदर्भात येतं. ते संसर्ग नियंत्रणाच्या धड्यातही यायला हवं.

पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनने विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या पुरुषांचं मलमूत्र उचलायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे त्या काळच्या पुण्याला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता या मुली राहतील कुठे, जेवतील कुठे आणि त्यांना मान कोण देईल, हा. कामावरचं समाधान ही संकल्पना पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढली असं आपण मानतो. सेवासदनने ती वसतिगृहाच्या खोल्यांत आधीच सोडवायला घेतली होती.

आता आपल्या प्रबंधांच्या पद्धतीबद्दल थोडं परखड बोलतो, कारण ती सुधारणं हातातलं आहे. नेहमीचा साचा असा: एक रुग्णालय, साठ किंवा शंभर परिचारिका, त्याही सोयीने मिळालेल्या. आधी ज्ञानाची चाचणी, मग नियोजित शिक्षण कार्यक्रम, सात दिवसांनी पुन्हा तीच चाचणी. गुण वाढतात. वाढणारच, तेच प्रश्न आठवडाभरापूर्वी समजावून सांगितलेले असतात. पण ज्ञान आणि आचरण यांच्यामध्ये तीस खाटा उभ्या असतात, आणि त्या चाचणीत दिसत नाहीत. आचरण मोजलं तरी बहुतेक वेळा ‘तुम्ही हात धुता का?’ असं विचारून मोजलं जातं. समोर इन्चार्ज सिस्टर उभी असताना ‘नाही’ कोण लिहील? निरीक्षण केलं तरी अडचण आहेच. कॅनडातल्या एका रुग्णालयात यंत्राने मोजणी केली (निकाल २०१४मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा निरीक्षक दिसत असताना हात स्वच्छ करण्याचं प्रमाण तो नसतानाच्या सुमारे तिप्पट निघालं. हातात चेकलिस्ट घेऊन सकाळी अकरा ते दुपारी एक वॉर्डात उभी राहणारी विद्यार्थिनी ही असाच एक निरीक्षक असते. रात्री तीन वाजता काय होतं, ते तिच्या तक्त्यात येतच नाही, आणि अंगावर संकट तेव्हाच येतं.

समाधानाच्या प्रश्नावल्यांचंही तसंच. पगार, बढती, सहकारी, वरिष्ठ अशी बाहेरून आलेली मापं मराठीत उतरवली जातात आणि पाच पर्यायांवर खूण करायला सांगितली जाते. सरासरी निघते, बहुतेक ‘मध्यम समाधानी’. पुण्यातल्या परिचारिकेला खरं जे बोलायचं असतं ते त्या खुणांत बसत नाही: डबल ड्युटी, रात्री बसची सोय नसणं, घरी सासूबाईंचं आजारपण, ‘सिस्टर, जरा मावशीचंही काम बघून घ्या’, नातेवाइकांनी अंगावर येणं, केलेल्या चुकीपेक्षा न केलेल्या चुकीसाठी मेमो मिळणं. ‘केलेल्या कामाची दखल घेतली जाते का?’ या एका प्रश्नामागे हे सगळं दडलेलं असतं, आणि त्याला एक ते पाचमधला आकडा मिळतो.

पगाराचा मुद्दा तर राष्ट्रीय पातळीवर न्यायालयात गेला. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये समिती नेमायला सांगितली. समितीने दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य सरकारच्या परिचारिकांइतकंच वेतन द्यावं आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते २० हजारांखाली जाऊ नये, अशी शिफारस केली. मोठ्या खासगी रुग्णालयांच्या या शहरात ही शिफारस भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. सरकारी बाजूलाही स्थिती शांत नव्हती. मे २०२२मध्ये राज्यभरच्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या. कंत्राटाचा प्रश्न मी संसर्गाच्या लेखात मुद्दाम आणतो आहे. वर्षभराच्या कराराने आलेली मुलगी वॉर्ड ओळखू लागते, कोणत्या खाटेच्या बाजूचा नळ गळतो, कोणता रुग्ण नळी ओढून काढतो हे तिला कळू लागतं, तोवर ती जाते. जे टिकतात त्यांनाही आखात, ब्रिटन, जर्मनी बोलावत असतात. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्यांना दोष देण्याचं कारण नाही. पण त्यांच्याबरोबर वॉर्डाची आठवण जाते, आणि संसर्ग नियंत्रण हे अर्ध्याहून अधिक आठवणीवर चालतं.

साथी आल्या की ही वीण उघडी पडते. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. ९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले कोरोना रुग्णही नायडूतच आले. दुबईहून परतलेलं ते जोडपं गुढीपाडव्याला बरं होऊन घरी गेलं. त्याच महिनाअखेर पंतप्रधानांनी नायडूतल्या एका परिचारिकेला फोन केला, ते संभाषण लोकांनी कौतुकाने ऐकलं. कौतुक खरं होतं. पण पुढच्या महिन्यांत पीपीई किटमध्ये सहा-सहा तास पाणी न पिता, लघवीला न जाता काम करणाऱ्या सिस्टरना मास्क दिवसाला किती मिळाले, ड्युटी संपल्यावर राहायला खोली मिळाली का आणि घरमालकाने दार उघडलं का, हे संसर्ग नियंत्रणाचेच प्रश्न होते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. त्या आजारात रुग्ण आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असू शकतो. अशा रुग्णाची मान वर ठेवणं, तोंड स्वच्छ करणं, घशातला स्राव खेचणं, दर दोन तासांनी कूस बदलणं ही सगळी कामं परिचारिकेची. तिच्याकडे दुसरा रुग्ण आला की पहिल्याचा न्यूमोनिया जवळ येतो.

एका गटाचा उल्लेख प्रबंधांत फारच कमी येतो: मावशी आणि मामा. वॉर्डातला कचरा तेच उचलतात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार घाण ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. चुकून लाल पिशवीत पडलेली सुई मावशीच्या तळहातात घुसते. सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता लस न घेतलेल्या माणसाला ३० टक्क्यांपर्यंत असते, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. हे नियम कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस द्या असं सांगतात. ठेकेदाराकडून आलेल्या मावशीला तीन डोस मिळाले का, हे कोण बघतं? समाधानाची प्रश्नावली तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती रुग्णालयाच्या पटावर नसते.

काय केल्याने फरक पडतो, याचं एक नीट तपासलेलं उदाहरण मिशिगनमधलं आहे. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या गटाने शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मध्यवर्ती नळी घालताना पाच गोष्टींची यादी लावली: हात धुवा, त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करा, पूर्ण चादर-गाऊन वापरा, मांडीची शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले होते. या यादीची चर्चा खूप झाली. मला तिच्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती बरोबरची परवानगी. डॉक्टरने पायरी गाळली तर परिचारिकेने काम थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी व्यवस्थापन उभं राहील, हे आधीच ठरलेलं होतं. आपल्या वॉर्डात एखादी सहा महिन्यांची स्टाफ नर्स ‘सर, हात राहिले’ असं म्हणू शकते का? म्हटलं तर पुढच्या राउंडला तिच्याशी कसं बोललं जातं? समाधानाच्या कोणत्याही प्रश्नावलीत हा प्रश्न मला घालावासा वाटतो, आणि त्याच उत्तरावरून त्या विभागाचा संसर्गाचा आकडा बराचसा ओळखता येईल असा माझा अंदाज आहे.

तो अंदाज तपासणं अवघड नाही, महागही नाही. संसर्ग नियंत्रण परिचारिका आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असते. जागतिक आरोग्य संघटना अडीचशे खाटांमागे किमान एक पूर्णवेळ माणूस सांगते. कॅथेटरचे दिवस, व्हेंटिलेटरचे दिवस, संसर्ग हे सगळं तिच्या वहीत रोज उतरतं. अधिसेविकांच्या कार्यालयात ड्युटीचं रजिस्टर असतं. त्यात कोण आली, कोण रजेवर, कोणाची डबल, रात्री कोणत्या वॉर्डात एकच स्टाफ राहिली, सगळं लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत कल्चरचे निकाल तारखेने लावलेले असतात. एखाद्या विद्यार्थिनीने पुढच्या प्रबंधासाठी प्रश्नावली छापण्याआधी मागच्या बारा महिन्यांच्या या तीन वह्या एका टेबलावर मागून घ्याव्यात. मेडिसिन वॉर्डातल्या ज्या आठवड्यात रात्री तीसला एक होती, त्यानंतरच्या आठवड्यात लघवीच्या कल्चरमध्ये काय उगवलं, इथपासून ती सुरुवात करू शकते.